पर्सर, होस्टेस, एसओडी : विमानातल्या बोलीची पार्श्वभूमी

गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांसाठी उघडला आणि पेडणे, डिचोलीपासून पलीकडे बांदा-सावंतवाडीपर्यंतच्या घरांत जेवणाच्या पानावर एक नवी बोली ऐकू येऊ लागली. "उद्या स्टँडबाय, परवा दिल्ली लेओव्हर, येताना एसओडी." यावर आईचा प्रश्न ठरलेला : "म्हणजे परवा रात्री जेवायला आहेस की नाही, तेवढं सांग गो." स्टँडबाय म्हणजे गणवेश इस्त्री करून फोनची वाट बघणे. लेओव्हर म्हणजे परगावी मुक्काम. एसओडी म्हणजे स्टाफ ऑन ड्यूटी : नोकरीच्याच वेळेत, पण प्रवाशाच्या खुर्चीत बसून दुसऱ्या गावी पोचवले जाणे. अमेरिकेत याला डेडहेड म्हणतात. चेक-इन, बोर्डिंग हे शब्द आता शाळकरी मुलांनाही पाठ आहेत, ते इथे सोडून देतो.

यातले सर्वांत जुने शब्द बोटीवरचे. पर्सर, स्टुअर्ड, गॅली (स्वयंपाकाची जागा), केबिन, क्रू, बल्कहेड (आडवी भिंत), सगळे बंदरातून धावपट्टीवर आले. गोव्याची त्यांच्याशी ओळख विमानाच्या कितीतरी आधीची आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर सासष्टी-बार्देशचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या स्टुअर्ड आणि खानसामे म्हणून गेले, बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहिले. त्यांच्या लेखी पर्सर म्हणजे पैसा, हिशेब आणि प्रवाशांचे कागद सांभाळणारा बडा माणूस. विमानात तोच शब्द केबिनच्या प्रमुखाला चिकटला. १९१२ मध्ये जर्मन झेपेलिनवर पहिला स्टुअर्ड चढला. पहिली स्टुअर्डेस अमेरिकेत १९३० मध्ये, आणि ती प्रशिक्षित परिचारिका होती. काम मुळात पुरुषांचे, बायका आल्या त्या घाबरलेल्या प्रवाशांना धीर द्यायला. पुढचा सगळा घोळ या क्रमात दडलेला आहे.

गोव्याच्या जुन्या विमानतळाबद्दल, दाबोळीबद्दल, थोडक्यात. पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये तो विमानतळ सुरू केला, तोही भारताने आर्थिक नाकेबंदी केलेली असताना. दमण, दीव, कराची अशी विमाने तिथून उडायची. डिसेंबर १९६१ मध्ये धावपट्टीवर बॉम्ब पडले आणि ते पर्व संपले. मग तळ नौदलाकडे गेला. कामाच्या दिवशी सकाळचे तास नौदलाच्या सरावाला राखून ठेवल्यामुळे नागरी उड्डाणे दुपारनंतर आणि रात्री कोंबली गेली. गोव्याची फेरी म्हणजे रात्रीचे जागरण, हे क्रूच्या डोक्यात बसले ते तेव्हापासून.

प्रवाशांच्या यादीत नावापुढे दिसणारी चार-चार अक्षरे टेलिप्रिंटरच्या जमान्यातली. विमान कंपन्यांनी १९४९ मध्ये एकत्र येऊन स्वतःचे संदेशजाळे उभारले. तारेवर शब्द मोजून पाठवायचे, म्हणून प्रत्येक गरजेला ठरावीक लांबीचा संकेत आला. यंत्रे भंगारात गेली, अक्षरे राहिली. चाकाच्या खुर्चीचेच तीन प्रकार पाहा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, विमानात मात्र स्वतःच्या पायांनी जागेवर जाता येते. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अगदी खुर्चीपर्यंत न्यावे लागते. तिकीट काढणारा मुलगा घाईत पहिलाच पर्याय निवडतो. मग शिडी लावून उतरवतात तिथे आजीबाई वरच्या पायरीवर उभ्या राहतात, खाली माणूस खुर्ची घेऊन उभा, आणि मधल्या पायऱ्यांचे काय हे कुणीच विचारलेले नसते. दारातली मुलगी आधी संकेत बघते, मग आजींकडे.

जेवणाचे संकेत आपल्याकडे जास्त गाजतात. एव्हीएमएल म्हणजे मसाल्याचे देशी शाकाहारी. व्हीजीएमएल मागितले तर दूध-तूप नसलेले, बहुधा उकडलेल्या भाज्यांचे ताट पुढ्यात येते आणि सोमवार पाळणारे काका क्रूवर चिडतात. व्हीजेएमएल जैन. गोव्याचे तीन अक्षरांचे संकेतही आता दोन झालेत, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. शेवटचे एक अक्षर नीट वाचले नाही तर मांडवी आणि झुवारी दोन्ही ओलांडाव्या लागतात.

गॅलीतल्या ट्रॉलीला आणि डब्याला 'अ‍ॅटलस' म्हणतात, तेही असेच मागून आलेले. जम्बो जेट आले तेव्हा युरोपातल्या कंपन्यांनी देखभालीचा खर्च वाटून घ्यायला दोन गट केले. सभासदांच्या आद्याक्षरांवरून एक झाला अ‍ॅटलस, दुसरा केएसएसयू. दोघांनी गॅलीची मापे वेगवेगळी ठरवली. गटांतल्या काही कंपन्या कधीच बुडाल्या, पण एका मापाची ट्रॉली दुसऱ्या मापाच्या खणात आजही बसत नाही.

या सगळ्या शब्दांत सर्वांत महागात पडली ती पदनामे. सरकारी आंतरराष्ट्रीय विमान कंपनीत, म्हणजे एअर इंडियात, एकाच गॅलीत उभे राहून तीच ट्रॉली ढकलणाऱ्या दोघांची नावे वेगळी होती. पुरुष असिस्टंट फ्लाइट पर्सर, बाई एअर होस्टेस. त्याच्या बढतीची वाट फ्लाइट पर्सरवरून इन-फ्लाइट सुपरवायझरकडे जायची. तिची वाट चेक होस्टेस, डेप्युटी चीफ होस्टेस करत चीफ होस्टेसपाशी थांबायची. तो ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत. तिला मात्र वयाच्या ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हा, यांतले जे आधी घडेल तेव्हा घरी बसायचे. ३५ नंतर मुदत वाढवून द्यायची की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. मराठी वृत्तपत्रे तेव्हा 'हवाईसुंदरी' लिहायची. नियम वाचले की वाटते, वृत्तपत्रांनी कंपनीच्या मनातलेच छापले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १९८१ मध्ये निकाल आला. गरोदरपणाची अट न्यायालयाने फेकून दिली आणि तिला भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान म्हटले. संचालकाची मनमानीही काढून टाकली, त्यामुळे प्रकृती ठीक असेल तर ४५ पर्यंत उडता येऊ लागले. चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र योग्य ठरवली. आणि मूळ प्रश्नावर, म्हणजे दोघांना वेगळे वागवणे समानतेच्या विरुद्ध आहे की नाही यावर, उत्तर असे की दोघांची भरती वेगळी, बढती वेगळी, निवृत्ती वेगळी, सबब हे दोन निराळे संवर्ग आहेत आणि निराळ्यांची तुलना होत नाही. भरती आणि निवृत्तीचे नियम कंपनीनेच वेगळे केले होते. तेच वेगळेपण मग कंपनीच्या बचावाला पुरावा म्हणून आले. हा युक्तिवाद माझ्या तरी गळी उतरत नाही. गरोदरपणाच्या अटीचे वाक्य आज सगळीकडे उद्धृत होते, या संवर्गाच्या परिच्छेदाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. पुढची तीस वर्षे वाद चालला तो मात्र त्या परिच्छेदावरच.

१९८९ मध्ये सरकारने सांगितले, बायकांनाही ५८ पर्यंत ठेवा. कंपनीने अर्थ लावला : ठेवू, पण ५० नंतर जमिनीवर. जमिनीवर म्हणजे उड्डाणभत्ता गेला, आणि या धंद्यात घर चालते ते भत्त्यावर. गंमत अशी की बायकांतही एकमत नव्हते. पंचवीस वर्षे रात्री-अपरात्री उडालेल्या कित्येकींना ५० ला खाली उतरणेच हवे होते. वरच्या पदांवर पोचलेल्या काही जणींना ते नको होते. मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या गटाचे ऐकले, सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो निकाल फिरवला. ५८ पर्यंत उडण्याची मुभा मिळाली ती त्यानंतर.

राहिला सुपरवायझर. नव्या भरतीसाठी दोन्ही वाटा एकत्र करून झाल्या होत्या, तरी विमानातला तो शेवटचा मान पुरुषांकडेच होता. बाई सेवेने कितीही ज्येष्ठ असो, त्या उड्डाणावर तिचा अहवाल लिहिणार तो पुरुष, आणि तोही तिच्यानंतर लागलेला असू शकायचा. २००५ मध्ये कंपनीने ज्येष्ठ बायकांनाही सुपरवायझर म्हणून पाठवायचे ठरवले आणि पुरुष पर्सर न्यायालयात धावले. आता भूमिका उलट्या झाल्या होत्या. इन-फ्लाइट सुपरवायझर हे पद नाही, ते त्या उड्डाणापुरते सोपवलेले काम आहे, असे कंपनी म्हणू लागली. पुरुष म्हणत होते, १९८१ च्या निकालाने आमचा संवर्ग वेगळा ठरवलाय, तो मोडता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनीचे म्हणणे उचलून धरले. तोवर १९८१ च्या बऱ्याच जणी निवृत्त झालेल्या होत्या.

सरकारी मक्तेदारी १९९४ मध्ये कायद्याने संपली होती. खासगी कंपन्यांनी पर्सर-होस्टेसच्या भानगडीत न पडता सरसकट 'केबिन क्रू' म्हटले, वर एक 'लीड' किंवा 'इन-चार्ज', तो पुरुष असो की बाई. हे चांगलेच झाले. भरतीच्या जाहिरातींत वय १८ ते २७ अशी अट मात्र सर्रास दिसते आणि नोकरी बहुधा ठरावीक मुदतीच्या करारावर. ३५ ची अट कुठे लिहिलेली नाही, लिहायची गरजही उरलेली नाही.

उरलेली बरीच बोली अपघातांनी घडवली. दरवाजे बंद झाल्यावर स्पीकरवर 'आर्म डोअर्स अँड क्रॉस-चेक' ऐकू येते, ते प्रवाशांसाठी नसते. बोइंग ७३७ च्या दाराच्या तळाशी गर्ट बार नावाची धातूची दांडी असते. वाकून ती हाताने जमिनीतल्या खाचांत बसवायची आणि दाराच्या छोट्या खिडकीवर लाल पट्टी आडवी लावायची, म्हणजे बाहेर शिडी घेऊन आलेल्याला कळावे की आत आपत्कालीन घसरगुंडी जोडलेली आहे. एअरबसमध्ये हेच काम लिव्हरने होते, सोबत लाल फीत लोंबणारी पिन. क्रॉस-चेक म्हणजे आपले दार झाल्यावर समोरचीचे पाहायचे. उतरल्यावर हेच उलटे करायला कुणी विसरले आणि दार उघडले, तर काही सेकंदांत घसरगुंडी फुगून बाहेर पडते. मग विमान तिथेच अडकते आणि क्रूला चौकशीला सामोरे जावे लागते.

सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे विमानातल्यांनी एकमेकांशी बोलून, मिळून काम करण्याचे शिक्षण) हा शब्द १९७० च्या दशकातल्या मोठ्या अपघातांनंतर आला, पण सुरुवातीला त्यातला सी कॉकपिटचा होता. तो क्रूचा का व्हायला हवा होता, हे जानेवारी १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या केगवर्थच्या विमान अपघातात दिसले. डाव्या इंजिनात बिघाड झाला होता, वैमानिकांनी उजवे बंद केले आणि तसे प्रवाशांना सांगितलेही. डाव्या बाजूच्या ज्वाळा केबिनमधल्यांनी पाहिल्या होत्या. पुढे जाऊन कुणी बोलले नाही. ४७ माणसे गेली. त्यानंतर वैमानिक आणि केबिन क्रूला एकत्र बसवून शिकवण्याचा आग्रह वाढला.

एफडीटीएल, म्हणजे उड्डाण आणि ड्यूटीच्या तासांची मर्यादा, हा खरे तर रोस्टर विभागाचा शब्द. डिसेंबर २०२५ मध्ये तो बातम्यांतून घराघरांत पोचला. वैमानिकांच्या विश्रांतीचे सुधारित नियम पूर्ण लागू झाल्यावर एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि ऐन पर्यटनाच्या हंगामात गोव्याचे प्रवासीही जागोजागी अडकले. केबिन क्रूच्या तासांचे नियम वेगळ्या कागदावर आहेत आणि त्या बदलात त्यांचा समावेश नव्हता. वैमानिक येईपर्यंत दारात उभे राहून लोकांच्या शिव्या ऐकणे मात्र त्यांच्याच वाट्याला आले.