'को' आणि 'ऑपरेटिव्ह'मधली रेघ

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका सहकारी मंडळीचा इंग्रजी अहवाल दरवर्षी माझ्याकडे तपासायला येतो. यंदा एकाच पानावर 'को-ऑपरेटिव्ह' दोन तऱ्हांनी आला होता, एकदा हायफनसह, एकदा हायफनविना. "दोन्ही चालतं ना, काका?" टाइप करणाऱ्या मुलीने विचारले. चालते, पण का, ते सांगायला बरेच मागे जावे लागते.

हायफन हा शब्द ग्रीक, अर्थ 'एकत्र'. ग्रीक हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, म्हणून कोणती अक्षरे मिळून एक शब्द आहे हे दाखवायला खाली कमान काढत. जर्मन मुद्रक गुटेनबर्गच्या १४५५च्या सुमाराच्या बायबलात हायफन ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दाला लागला.

उपसर्गानंतर मात्र तो वेगळेपण राखायला येतो. दोन 'ओ' शेजारी बसले की इंग्रजी वाचणारा 'ऊ' म्हणतो. 'को-ऑप'मधली रेघ काढली तर 'कूप' उरतो, म्हणजे कोंबड्यांचे खुराडे! मराठीत उपसर्ग संधीनेच शब्दात मुरतो. पुनः आणि मुद्रण मिळून पुनर्मुद्रण झाले, मधे रेघ लागली नाही.

आपल्या शहरात सहकार रुजला तो १८८९ साली, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या अन्योन्य सहकारी मंडळीतून. सरकारी कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४मध्ये आला आणि त्याच्या इंग्रजी नावात ब्रिटिश वळणाचा हायफन होता. सहकारी संस्थांविषयीच्या २०११च्या ९७व्या घटनादुरुस्तीतही तो टिकला. पण २०२१मध्ये केंद्रात सहकार मंत्रालय निघाले, त्याचे इंग्रजी नाव बिनहायफनचे. अमेरिकेत ही रेघ केव्हाच गळत चालली होती. असोसिएटेड प्रेस या तिथल्या वृत्तसंस्थेने आपल्या लेखननियमांत २०१९मध्ये 'री' आणि 'प्री'नंतर 'ई'ने सुरू होणाऱ्या बहुतेक शब्दांतूनही ती काढली. शब्द रोजचा झाला की रेघ नकोशी होते, हे मला पटते.

तरी दोन ठिकाणी मी हटत नाही. मंडळीचे नाव नोंदणीच्या दाखल्यावर आहे तसेच छापायचे. आणि जिथे अर्थ उलटतो तिथे रेघ हवीच. मागे एका अहवालात खजिनदार पुढच्या आठवड्यात 'री-साइन' करणार, म्हणजे फिरून सही करणार, असे होते. छापताना हायफन गळला, शब्द 'रिझाइन' झाला आणि सभासद खजिनदारांच्या घरी राजीनाम्याचे कारण विचारायला गेले.