डिझेल अग्निपंपगृहाचे वायुवीजन

आग विझविण्यासाठी पाणी पुरविणारा डिझेल पंप ज्या खोलीत असतो, तेथील उष्णता, धूर व बॅटरीतून निघणारा हायड्रोजन बाहेर काढून इंजिनाला पुरेशी हवा मिळवून देण्याची व्यवस्था. कोकणात तारापूर, उरण, रोहा, महाड, लोटे-परशुराम येथील कारखाने व बंदरे आणि मुंबई-ठाण्यातील उंच इमारती येथे अशी पंपगृहे असतात.

एनएफपीए २० या अमेरिकी मानकानुसार आपोआप सुरू झालेले इंजिन तापले किंवा त्याच्या तेलाचा दाब घटला तरी ते थांबत नाही, फक्त इशारा देते. वेगमर्यादा ओलांडली तरच बंद होते. त्यामुळे खोलीतील हवेची उणीव थेट इंजिनाला भोवते. पूर्ण भारावर एअर फिल्टरच्या तोंडाशी हवा ४९° से.च्या वर जाऊ नये, अशी याच मानकाची अट आहे.

बाहेरचे तापमान किती धरावे, यावर एकमत नाही. किनाऱ्यावर एप्रिल-मेचे सरासरी कमाल तापमान ३३-३४° से.च्या आसपास असते. मात्र मार्चमध्ये पूर्वेकडील मतलई वारे जोर धरतात, खारे वारे उशिरा पोहोचतात आणि पारा ४०° से.पर्यंत चढतो; सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७° से. नोंदले गेले. रायगड जिल्ह्यातील भिरा येथील मार्च २०१७ची ४६.५° से. ही नोंद वादग्रस्त मानली जाते. फरक कागदापुरता नाही. १५० किलोवॅटचे इंजिन व त्याचा एक्झॉस्ट पाइप मिळून खोलीत १८ किलोवॅट उष्णता सोडतात असे धरल्यास, खोली ४९°च्या आत ठेवण्यासाठी बाहेर ३४° असताना सेकंदाला सुमारे १ घनमीटर हवा पुरते, ४०° असताना पावणेदोन घनमीटर लागते, आणि भिऱ्याचा आकडा घेतल्यास सहा घनमीटरांहून अधिक. ज्वलनासाठी लागणारी सुमारे पाव घनमीटर हवा वेगळीच. किनाऱ्यालगत ४०° आणि डोंगराच्या पायथ्याकडील खोऱ्यांत दोन-तीन अंश अधिक धरणे रास्त दिसते. एक्झॉस्टला चांगले लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टन) केले, तर मोठ्या पंख्यापेक्षा स्वस्तात काम होते.

रेडिएटरचे इंजिन आपली बहुतेक उष्णता हवेतच टाकते. गरम हवा डक्टमधून बाहेर नेली नाही, तर तीच पुन्हा आत ओढली जाते. हीट एक्स्चेंजरमध्ये पंपाचेच थोडे पाणी इंजिन थंड करते व खोली कमी तापते, म्हणून कोकणात तो अधिक सोयीचा ठरतो. उन्हाळी टंचाईत दर आठवड्याच्या अर्ध्या तासाच्या चाचणीचे पाणी वाया जाते, हा आक्षेप खरा आहे. पण प्रवाह व तापमान दिसण्याची सोय ठेवून ते टाकीत परत घेता येते. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या बंदरांत एक्स्चेंजरच्या नळ्या क्युप्रोनिकेलच्या (तांबे-निकेल मिश्रधातूच्या) लागतात. पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर विदर्भात उपयोगी पडतो. येथील दमट हवेत त्याचा लाभ नगण्य.

झरोक्यांची दिशा हा कोकणातला खास पेच आहे. उन्हाळ्यातला वारा पश्चिमेकडून हवासा वाटतो, पण जूनपासून त्याच बाजूने पाऊस झोडपतो. म्हणून हवा घेण्याचा झरोका उत्तरेला किंवा पूर्वेला खाली आणि सोडण्याचा समोरच्या भिंतीत वर, दोन्हींवर खोल छज्जा, ही रचना श्रेयस्कर. पंखा इंजिनाबरोबर सुरू व्हावा आणि त्याला आपत्कालीन वीज असावी. मोटरने मिटणारे लूव्हर (झरोक्यावरील उघडझाप होणाऱ्या तिरप्या पट्ट्या) वीज गेल्यावर स्प्रिंगने उघडलेच पाहिजेत. खाऱ्या हवेत साध्या लोखंडी पट्ट्या गंजून जागीच अडकतात, म्हणून त्या ॲल्युमिनियमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या करतात.

शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तापमान सुमारे १०° वाढताच निम्मे होते. म्हणून ती एक्झॉस्टपासून दूर, हवेच्या झरोक्याजवळ ठेवतात.