स्कोनमध्ये साखर शिरली कुठून?

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या कॉफीच्या दुकानांत नारिंगी, त्रिकोणी स्कोन दिसू लागतात. स्कोन म्हणजे बिस्किट आणि पाव यांच्या मधला, भाजलेला पदार्थ. वर आयसिंगचा पांढरा थर, त्यावर मसाल्याच्या रंगाच्या रेघा. हल्ली हेच भोपळ्याचे स्कोन घरी, साखर कमी करून भाजणारे बरेच आहेत. काहीतरी पथ्याचं करतोय, असं त्यांना वाटतं. पण स्कोन मुळात गोड नव्हताच.

स्कोन स्कॉटलंडचा. गॅविन डग्लस या कवीने १५१३ मध्ये रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याचा स्कॉट्स भाषेत अनुवाद पुरा केला, त्यात हा शब्द सापडतो. ओट किंवा बार्लीच्या पिठाची जाड चकती थापायची आणि ‘गर्डल’वर भाजायची. गर्डल म्हणजे आपला तवाच, फक्त आगीवर टांगण्यासाठी त्याला कमानदार कडी. भाजलेल्या चकतीचे चार तुकडे करत. दुकानातल्या स्कोनचा त्रिकोण तिथूनच आला. एकूण प्रकरण केकपेक्षा थालीपिठाच्या जवळचं.

फुगरा, ओव्हनमधला स्कोन १९व्या शतकातला. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. पुढे स्कोन इंग्रजांच्या दुपारच्या चहाबरोबर रुळला, तरी पिठात साखर बेतानेच राहिली. गोडवा जॅममधून यायचा, आणि तो किती लावायचा हे खाणाऱ्याच्या हातात. दुसऱ्या महायुद्धात तर प्रश्नच मिटला. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखर रेशनवर गेली, ती १९५३ मध्ये सुटली. तोवर गोडीसाठी किसलेलं गाजर होतं.

भोपळा आणि मसाला ही दुसरी वाट, अमेरिकेतली. अमेलिया सिमन्सच्या १७९६च्या पाककृतींच्या पुस्तकात भोपळ्याच्या पुडिंगला जायपत्री, जायफळ आणि सुंठ आहे. १९३४ मध्ये मॅककॉर्मिक कंपनीने भोपळ्याच्या ‘पाय’साठी, म्हणजे सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थासाठी, तयार मसाल्याची डबी काढली. २००३ मध्ये स्टारबक्सने त्याच चवीची कॉफी आणली, आणि तो वास म्हणजेच पानगळ असं समीकरण पक्कं झालं. गंमत अशी की त्या कॉफीत खराखुरा भोपळा पडला तो २०१५ मध्ये! तोवर सगळा कारभार मसाला आणि साखरेवर.

तिकडे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, भोपळ्याचे स्कोन मसाल्याशिवायच गाजले. मुख्यमंत्र्यांच्या पत्नी आणि पुढे सिनेटर झालेल्या फ्लो बिएल्के-पीटरसन यांची कृती प्रसिद्ध आहे: दोन कप पिठाला एक कप कुस्करलेला भोपळा आणि अर्धा कप साखर. मला ती अर्धा कपही जास्त वाटते.

ती कमी करता येते, आणि तीही निर्धास्त. केकमध्ये लोणी-साखर फेटताना हवा धरली जाते, त्यामुळे तिथे हात आखडला की केक बसतो. स्कोनला फुगवतात ती बेकिंग पावडर आणि पिठात चोळलेले थंड लोण्याचे कण. साखर कमी झाली तर रंग फिका येतो आणि स्कोन लवकर कोरडा पडतो, एवढंच. भाजण्याआधी वरून दुधाचा हात फिरवला की रंगाचं भागतं. जायफळ-दालचिनीचा वास आपण गोडाशीच जोडलेला असतो, त्यामुळे जीभही फारशी तक्रार करत नाही.

गूळ घातला म्हणजे साखर टळली, असं मात्र समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेची साखरेबाबतची २०१५ची शिफारस दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी वाट्याची आहे. त्या हिशेबात मधसुद्धा धरतात. गूळ त्याच पंगतीतला.

घारग्यांमुळे लाल भोपळा आणि गूळ ही जोडी आपल्याला नवी नाही. त्याच भरवशावर मी पहिल्यांदा भोपळा कुकरमध्ये शिजवून घेतला आणि पीठ पळीवाढं झालं. घारग्यात तो रस पिठाने आवरता येतो, इथे जास्त पीठ मळलं की स्कोन चिवट होतो. आता फोडी ओव्हनमध्ये कडा काळपट होईस्तोवर भाजते, कुस्करून फडक्यात टांगते. तासाभरात खाली वाटीत पिवळं पाणी जमतं आणि वर उरलेला गर चांगलाच गोड लागतो. दोन कप मैद्याला तीन चमचे गूळ पुरतो, जायफळ किसताना मात्र हात सैल सोडते.