कारखाने एकत्र आणणे आणि उत्पादन-नियंत्रण संगणकावर आणणे

सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या इंजिनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने 2018 मध्ये जर्मनीतील एमएफटी आणि नेदरलँड्समधील इमॉस या कंपन्यांत निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला. त्यामुळे परदेशी उपकंपन्यांचे उत्पादन एका सूत्रात कसे आणायचे हा प्रश्न सोलापूरला परका राहिलेला नाही. या चर्चेत एकत्रीकरण आणि संगणकीकरण हे शब्द जोडीने येतात आणि एक केले की दुसरे आपोआप होईल, असे धरून चालले जाते. माझ्या मते ही समजूत फार महागात पडते.

एकत्रीकरणात माल कुठे बनेल आणि कुठे साठेल, हे बदलते. चार देशांतील साधारण सारखी, पण एकमेकांवर अवलंबून नसलेली मागणी एकाच गोदामातून भागवली, तर अडीनडीसाठी ठेवायचा साठा निम्म्यावर येतो. मात्र उत्पादनही एकाच कारखान्यात आणले, तर तिथला बॉयलर बंद पडला की चारही देशांचा पुरवठा अडतो, आणि एकदा पांगलेले कुशल कामगार सहसा परत मिळत नाहीत.

संगणकीय नियंत्रणात यंत्रे जागची हलत नाहीत. काय, किती आणि केव्हा लागेल याचा हिशेब बदलतो. अमेरिकी अभियंते जोसेफ ऑर्लिकी यांनी 1960च्या दशकात मांडलेल्या साहित्य-गरज नियोजन (एमआरपी) पद्धतीचे सूत्र असे, की कच्च्या मालाच्या गरजेचा अंदाज बांधायचा नाही, ती तयार मालाच्या मागणीवरून काढायची. आपल्या टेरी टॉवेलचेच पाहू. 70 बाय 140 सेंटिमीटरचा, चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाचा टॉवेल 490 ग्रॅम भरतो. म्हणजे हजार डझनांना 5,880 किलो सूत लागेल, घट वेगळी. पण अमेरिकेतील व्यापारी हाच टॉवेल ‘डझनाला 13 पौंड’ अशा वजनाने मागतो. दोन उपकंपन्यांनी त्याला दोन सांकेतांक दिले, तर संगणक त्याला दोन वेगळे माल समजतो आणि एकीकडे साठा पडून असताना दुसरीकडे नवे सूत मागवतो.

म्हणून सांकेतांक आणि मापे आधी एक करावीत, मग नियंत्रण संगणकावर आणावे आणि कोणता विभाग कुठे हलवायचा हे त्यानंतर ठरवावे, कारण तुलना करण्याजोगे आकडे तोवर हातात नसतात. बीम (मागावरचा ताण्याच्या सुताचा रूळ) संपल्याची नोंद जॉबर (मागांवर देखरेख करणारा कामगार) त्याच वेळी करतो की पाळी सुटताना एकदम, हेही तपासावे. एकदम करत असेल, तर परदेशातील नियोजकाला पडद्यावर दिसणारी मागाची स्थिती आठ तासांपर्यंत जुनी असू शकते, आणि ती सुधारण्यासाठी एकही माग हलवावा लागत नाही.