बातमी पातळ झाली ती मोबाइलच्या आधीच

मराठी वृत्तपत्रांच्या उतरणीचं खापर हल्ली सरसकट मोबाइलवर फोडलं जातं. खप मोबाइलने खाल्ला हे खरंच. पण बातमीचा कस त्याच्या बराच आधी उतरू लागला होता, आणि माझ्या मते त्याचं मूळ तालुक्याच्या वार्ताहरात सापडतं.

बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ चं, ‘केसरी’ १८८१ चा. त्यांचा भर मतावर, लोकजागृतीवर. बातमीला मध्यभागी आणलं ते नानासाहेब परुळेकरांनी. अमेरिकेत शिकून आलेल्या परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला आणि गावोगावी बातमीदार जोडले.

नव्वदच्या दशकापासून जिल्हा आवृत्त्यांची चढाओढ लागली. पानं वाढली, पण वार्ताहराचं मानधन नाममात्रच राहिलं. त्याचं घर चालायचं जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी, वर्धापनदिन, आमदारसाहेबांचा वाढदिवस, प्रत्येक पुरवणीला टार्गेट. ज्या साखर कारखान्याच्या चेअरमनकडून अर्ध्या पानाची जाहिरात आणायची, त्याच कारखान्याने उसाची बिलं थकवल्याची बातमी तो कोणत्या तोंडाने देणार? दोष त्या वार्ताहराचा नाही. त्याला वसुलीला धाडणाऱ्या मालकांचा आहे.

याचं टोक २००९ च्या विधानसभा निवडणुकीत दिसलं. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. चव्हाणांनी पैसे दिल्याचा इन्कार केला. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये निवडणूक खर्चाच्या हिशेबावरून त्यांच्यावर ठेवलेला ठपका दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. पण वाचकाला हा मजकूर बातमी म्हणून वाचायला मिळाला, हे कसं विसरायचं? ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या वेषात छापलेल्या मजकुरावर, प्रेस कौन्सिल या वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या उपसमितीने २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात वृत्तपत्रांची नावं होती. कौन्सिलने आधी त्रोटक अहवाल काढला. पूर्ण अहवाल २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतरच बाहेर आला. आपल्याच धंद्यावरची ही एवढी मोठी बातमी बहुतेक वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर घेतली नाही.

मग २०२० चा करोना. मुंबईत काही दिवस अंक छापलेच गेले नाहीत, एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरपोच वाटप थांबवलं. जाहिराती आटल्या, आवृत्त्या बंद पडल्या, बातमीदार घरी बसवले गेले. पुढे अंक दारात परत आले, पण बातमीदारांच्या कित्येक जागा पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. आता पालकमंत्र्यांच्या दौऱ्याचं प्रसिद्धिपत्रक व्हॉट्सॲपवर येतं आणि बऱ्याचदा जसंच्या तसं पानावर लागतं.