फुप्फुसातील रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आपल्या किंवा आपल्या घरच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर सिल्डेनाफिल, टाडालाफिल, बोसेन्टान, अँब्रिसेन्टान किंवा रिओसिग्वाट यांपैकी एखादे नाव असल्यामुळे हे पत्रक आम्ही औषधांच्या पिशवीत ठेवले आहे. ते घरातल्या सर्वांनी एकदा वाचावे, ही विनंती.

हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या भिंती जाड होऊन आतली वाट अरुंद झाली, की तेवढेच रक्त पुढे ढकलण्यासाठी उजव्या कप्प्याला सतत जादा जोर लावावा लागतो, आणि तो थकू लागला की जिना चढताना धाप लागणे, पायांवर सूज येणे, कधी चक्कर येऊन पडणे असा त्रास सुरू होतो. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब हा नव्हे. तो 120/80 असतानाही फुप्फुसातला दाब वाढलेला असू शकतो. विश्रांतीच्या वेळी तिथला सरासरी दाब निरोगी माणसात 14 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. 20 च्या वर गेला तर तो वाढलेला धरतात. टू-डी इकोवरून (हृदयाच्या सोनोग्राफीवरून) अंदाज येतो, खात्री मात्र मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन दाब मोजल्यावरच होते.

हा दाब वाढण्याची कारणे अनेक आहेत आणि उपचार कारणावर ठरतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसली असेल तर उपाय झडपेवर करावा लागतो. वर्षानुवर्षे चुलीचा धूर किंवा विडी ओढून फुप्फुसेच खराब झाली असतील तर धूर बंद करणे आणि गरजेनुसार ऑक्सिजन, हा मुख्य भाग ठरतो. जुन्या गुठळ्या धमन्यांत चिकटून राहिल्या असतील तर रक्त पातळ करण्याची गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. शिवाय काही रुग्णांत शस्त्रक्रिया करून चिकटलेल्या गुठळ्यांचा थर सोलून काढता येतो, तर काहींत फुग्याने वाट रुंद करता येते. गुठळ्यांची शक्यता तपासली आहे का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण हा प्रकार शस्त्रक्रियेने बराच सुधारू शकतो. म्हणूनच वर लिहिलेल्या गोळ्या दम लागणाऱ्या प्रत्येकासाठी नाहीत, आणि शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला चालेलच असे नाही.

आता सिल्डेनाफिलविषयी थोडे सविस्तर, कारण सर्वांत जास्त गोळ्या याच एका गैरसमजापायी बंद होतात. गेल्या पावसाळ्यात कागलकडच्या एक मावशी न उघडलेली पाकिटे पदराखाली धरून दुकानात आल्या आणि सुनेला बाहेर उभी करून हळूच म्हणाल्या, “ही परत घ्या, ही बायकांची गोळी नव्हं.” कुणीतरी मोबाईलवर नाव शोधून त्यांना सांगितले होते. हे औषध पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेसाठी वापरतात हे खरे आहे, पण ते रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते, आणि ज्या घटकावर ते काम करते तो फुप्फुसाच्या वाहिन्यांत भरपूर असतो. अमेरिकेत 2005 साली ते फुप्फुसाच्या या विकारासाठी मंजूर झाले. मोठ्यांना सहसा 20 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा देतात आणि आजारी तान्ह्या बाळांनाही हे औषध डॉक्टर देतात. यात लाजण्यासारखे काहीही नाही. मावशींची सून मग आत आली, तिलाही आम्ही हेच सांगितले.

धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलबरोबर घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो. रिओसिग्वाटही सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलबरोबर चालत नाही. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी आपली सर्व पाकिटे सोबत न्या. बोसेन्टान घेणाऱ्यांनी दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी चुकवू नये. बोसेन्टान, अँब्रिसेन्टान आणि रिओसिग्वाट गर्भाला अपाय करतात, आणि या आजारात गरोदरपण स्त्रीच्याही जिवावर बेतू शकते. बोसेन्टानमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होतो, तेव्हा दुसऱ्या उपायाविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

पाण्याची (लघवी वाढवून अंगातले पाणी काढणारी) गोळी चालू असेल तर सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले तर ते पाणी साठल्याचे लक्षण असते, लगेच डॉक्टरांना कळवा. आपल्याकडच्या जेवणात मीठ खर्डा, लोणचे, पापड आणि मिठाच्या चटण्यांतून नकळत जाते, ते आधी कमी करावे. रंकाळ्याच्या काठाने बोलता येईल इतक्या गतीने चालणे बहुतेकांना डॉक्टरांच्या सल्ल्याने जमते; जोतिबाच्या पायऱ्या मात्र विचारल्याशिवाय चढू नयेत.

बरे वाटू लागले म्हणून ही औषधे स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवल्यास त्रास झपाट्याने वाढू शकतो. या गोळ्या प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, आम्हालाही त्या बाहेरून मागवाव्या लागतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा कोल्हापुरात माल येणेच थांबले होते. त्यामुळे जून लागण्यापूर्वी एक महिन्याच्या जादा गोळ्या घरात असाव्यात, आणि नेहमीच्या पाकिटात आठ दिवसांच्या उरल्या की आम्हाला फोन करावा.