सामाईक एनएमआर फॅसिलिटी
एनएमआर फॅसिलिटी म्हणजे विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत सगळ्यांनी मिळून वापरायचं एनएमआर स्पेक्ट्रोमीटर (न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स, जोरदार मॅग्नेटमध्ये सॅम्पल ठेवून त्यातल्या रेणूंची रचना ओळखायचं मशीन), ते ज्या खोलीत असतं ती खोली आणि ते सांभाळणारा ऑपरेटर. मशीन कोटींच्या घरात जातं, एकट्या प्राध्यापकाला कुठून परवडणार, म्हणून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सत्तरच्या दशकात अशा महागड्या मशीनची प्रादेशिक केंद्रं काढायला सुरुवात केली, आता त्यांना सैफ म्हणतात, मुंबईतलं पवईच्या आयआयटीत आहे, बाहेरच्या कॉलेजांची सॅम्पल्सही पैसे भरून तिथे करून मिळतात. जास्त ताकदीच्या मॅग्नेटचं काम असेल तर कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) राष्ट्रीय फॅसिलिटी आहे.

यातला मॅग्नेट कधीच बंद नसतो. लाइट गेली तर कन्सोल (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक्सचा डबा) आणि कॉम्प्युटर बसतात, पण मॅग्नेटच्या सुपरकंडक्टिंग, म्हणजे विजेला रोध नसलेल्या कॉइलमधला करंट फिरतच राहतो (४०० मेगाहर्ट्झच्या मशीनचं चुंबकीय क्षेत्र ९.४ टेस्ला), अट एकच, कॉइल उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेली हवी. त्याच्या बाहेर द्रव नायट्रोजन, तो साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी भरायचा, मग दिवाळी असो की उन्हाळ्याची सुट्टी. हेलियम काही महिन्यांनी लागतो, तो भारतात जवळपास सगळा बाहेरून येतो, म्हणून लेव्हल खाली जायच्या बरीच आधी ऑर्डर टाकावी लागते आणि विद्यापीठातली फाइल किती वेगाने सरकते ते सांगायला नको. उशीर झाला तर क्वेंच, म्हणजे कॉइल गरम होऊन सुपरकंडक्टिंग राहत नाही, हेलियम उकळून सातशेपट फुगतो, खोलीतला ऑक्सिजन कमी होतो, अशा वेळी मशीन वाचवायला न थांबता सरळ बाहेर पळायचं. पावसाळ्यात दमट हवा नायट्रोजनच्या नळीत शिरून बर्फाचा बोळा बसतो, तेही धोक्याचंच, आणि कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनला ड्रायर नसेल तर पाणी थेट प्रोबपर्यंत (सॅम्पलभोवतीचा, सिग्नल पकडणारा भाग) जातं.

रोजची डोकेदुखी मात्र सॅम्पल भरायच्या काचेच्या ट्यूबची. पाच मिलिमीटरची ट्यूब, अर्धा-पाऊण मिली सॉल्व्हंट, गाळून घेतलेलं सॅम्पल, बाहेरून टिश्यूने पुसलेलं, स्पिनरमध्ये (ट्यूब धरणारा होल्डर) गेजने उंची लावलेलं, एवढं केलं तर शिमिंग, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं करणं, नीट बसतं, पण तडा गेलेली ट्यूब आत फुटली की एकाच्या घाईपायी प्रोब दुरुस्त होईपर्यंत सगळे डिपार्टमेंट ताटकळतात. डीएमएसओ हा सॉल्व्हंट १९-२० अंशांच्या आसपास गोठतो, फुल एसीच्या खोलीत रॅकमध्येच थिजलेला सापडतो. मेनूत सॉल्व्हंट चुकीचा निवडला तर लॉक (सॉल्व्हंटमधल्या ड्युटेरियमच्या सिग्नलवर मशीन स्थिर धरणं) भलत्याच जागी बसतो आणि स्पेक्ट्रममधले सगळे पीक सरकलेले दिसतात. प्रोटॉनचा, म्हणजे हायड्रोजनचा स्पेक्ट्रम पाच मिनिटांत होतो, म्हणून दिवसा छोटी कामं आणि वेळखाऊ कार्बन, टूडी (दोन अक्षांचे स्पेक्ट्रम) रात्री ऑटोसॅम्पलरवर, म्हणजे आपोआप सॅम्पल बदलणाऱ्या यंत्रावर, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, रात्रीच्या स्लॉटवरून भांडणंही तितकीच.

ग्रँट मशीन घ्यायला मिळते, हेलियम आणि एएमसीचा (वार्षिक देखभाल करार) खर्च मात्र दर वर्षी उभा, यूजर चार्जमधून तो क्वचितच निघतो. त्यात कंपनीनेच धंदा सोडला तर आणखी वांधे, २०१० मध्ये एजिलेंटने एनएमआर मशीन बनवणारी व्हेरियन कंपनी घेतली आणि २०१४ मध्ये एनएमआरचं कामच थांबवलं, स्पेअर पार्ट मिळेनासे झाले तेव्हा काही ठिकाणी जुना मॅग्नेट तसाच ठेवून त्याला दुसऱ्या कंपनीचा कन्सोल जोडला.